कपाटातले संगणक आणि नववीचा पाठ

बालभारतीने २०१७ साली इयत्ता नववीसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे नवे पुस्तक काढले. त्यातील पर्यावरणीय व्यवस्थापनाच्या पाठात घनकचऱ्याचे वर्गीकरण एका तक्त्यात दिले आहे. घरगुती, औद्योगिक, जैववैद्यकीय, किरणोत्सारी अशा कचऱ्यांच्या रांगेत एक ओळ इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या वाट्याला आली आहे. बिघडलेले टीव्ही, मोबाइल, संगणक आणि त्यांचे भाग एवढी उदाहरणे दिली, की ओळ संपते. पुढे पुनर्वापर करा, नाकारा, चक्रीकरण करा या धर्तीची सात सूत्रे येतात आणि पाठ आपत्ती व्यवस्थापनाकडे वळतो. हवामान, घनकचरा आणि आपत्ती हे तिन्ही विषय एकाच पाठात बसवायचे म्हटल्यावर पुस्तक करणाऱ्यांनी यापेक्षा अधिक काय करायचे होते? तेव्हा आमचा रोख पुस्तकावर थोडा आणि त्या एका ओळीचे वर्गात जे होते त्यावर जास्त आहे.

वर्गात काय होते ते शिक्षकांना सांगायला नको. 'ई-कचरा म्हणजे काय? दोन उदाहरणे द्या' हा प्रश्न वहीत उतरतो. पर्यावरण दिनाला घोषवाक्यांची स्पर्धा होते. 'ई-कचऱ्याबाबत तुमची जबाबदारी' या विषयावर निबंध लिहायला सांगितला, की तीस-चाळीस वह्यांत एकच वाक्य येते: आपण ई-कचरा अधिकृत पुनर्चक्रीकरण केंद्रातच द्यावा. मुलाने हे लिहिले, शिक्षकांनी बरोबरची खूण केली, पाठ झाला. या खुणेविषयी आमची शंका आहे. चांदूर रेल्वेत बसून हे वाक्य लिहिणाऱ्या मुलाने असे केंद्र कधी पाहिले आहे काय? ते किती किलोमीटरवर आहे, तिथे एक बिघडलेला चार्जर कोण घेऊन जाणार, एस. टी. चे भाडे कोण देणार? ज्या जबाबदारीचा पत्ता ठाऊक नाही ती पार पाडतो असे लिहायला आपण मुलांना शिकवतो, आणि नीतिशिक्षणाच्या नावाखाली त्यांना खोटे बोलण्याचा सराव होतो.

दुसरी गोष्ट विज्ञानाची आहे. त्याच पाठात कोणता पदार्थ कुजायला किती काळ लागतो याचा तक्ता आहे. केळीच्या सालीपासून थर्मोकोलपर्यंतचा तो तक्ता मुलांना फार आवडतो, भिंतीवर लावण्याजोगाही आहे. पण त्याची सवय लागली की मूल ई-कचऱ्यालाही तोच प्रश्न विचारते: मोबाइल कुजायला किती वर्षे लागतात? हा प्रश्नच गैरलागू आहे. कपाटात पडून असलेला जुना मॉनिटर दहा वर्षे कुजला नाही म्हणून कुणाचे काही बिघडत नाही. त्याची खरी कथा तो फुटतो, जाळला जातो किंवा आम्लात बुडवला जातो तेव्हा सुरू होते. वायरीवरचे प्लॅस्टिक बहुधा पीव्हीसी असते. त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग क्लोरीन असतो. आतले तांबे मोकळे करायला ही वायर पेटवली, की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू निघतो, आणि उघड्यावरच्या अर्धवट ज्वलनात, तांब्याच्या सान्निध्यामुळे, डायॉक्झिन गटातली विषारी संयुगेही तयार होतात. दहावीला उत्प्रेरक शिकवताना हे उदाहरण किती चपखल बसेल! सर्किट बोर्डावरचे जुने डाखकाम शिसे आणि कथिलाच्या मिश्रधातूचे असते. बोर्ड शेगडीवर तापवून भाग सोडवणाऱ्याच्या श्वासात ते शिसे जाते. म्हणजे ई-कचऱ्याचा प्रश्न कुजण्याचा कमी आणि सोडवण्याचा, फोडण्याचा जास्त आहे. कुजण्याच्या तक्त्यात माणूस दिसत नाही, फोडण्याच्या गोष्टीत तो दिसतो. नीतीचा प्रश्न विचारायचा असेल तर तक्त्यात माणूस दिसायलाच हवा.

माणूस दाखवायचा म्हणून काही उत्साही शिक्षक चित्रे दाखवतात, आणि तिथे वेगळीच अडचण येते. चित्रे बहुधा घानातील अ‍ॅगबोग्बलोशीची किंवा चीनमधील ग्वियूची असतात. धुराचे लोट, राखेत उभी पोरे. यांतले अ‍ॅगबोग्बलोशीचे भंगार आवार २०२१ साली पाडण्यातही आले, तरी चित्र फिरतेच आहे. चित्र खोटे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात या धंद्यातील मुलांचा आणि गर्भवतींचा प्रश्न मांडलाच आहे. पण हे सगळे कुठे तरी दूर, कुणी तरी काळे-पिवळे लोक करतात अशी समजूत घेऊन मूल घरी जाते. आपल्या देशातले दिल्लीचे सीलमपूर आणि पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले मुरादाबाद ही नावे चित्रांत क्वचितच येतात. आणि आपल्या गावातून गाडी घेऊन ओरडत जाणारा भंगारवाला तर कधीच येत नाही. आला तर खलनायक म्हणून येतो: 'ई-कचरा भंगारवाल्याला देऊ नका.'

हे वाक्य आम्हांला सगळ्यात जास्त खटकते. शिक्षकमित्रांनो, हे वाक्य फळ्यावर लिहिताना त्या वर्गातल्या तिसऱ्या बाकावर भंगारवाल्याचा मुलगा बसलेला असू शकतो, याचा विचार आपण करतो काय? तालुक्याच्या गावात तो बहुतेक वेळा असतोच. त्याच्या बापाने आयुष्यभर पत्रा, पुठ्ठा, बाटल्या वेगळ्या करून गाव मोकळे केले. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली तेव्हा तिने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' असे नाव घेतले. आपण काय गोळा करतो ते त्यांनी अभिमानाने नावातच घातले, आणि पुणे, पिंपरी-चिंचवड या महापालिकांकडून आपल्या ओळखपत्रांना मान्यता मिळवली. (आज नाव ठेवायचे झाले असते तर त्यात 'बोर्ड' हा शब्दही आला असता.) या माणसांना वगळून कोणत्याही गावात कचरा गोळा होत नाही. त्यांना दोषी ठरवून मुलांना जबाबदारी शिकवणे हा अन्याय तर आहेच, शिवाय ते खोटेही आहे. वायर जाळण्याचा धोका तो पत्करतो, आणि ती वायर त्याला विकलेली आपण असतो.

भंगारवाला काय घेतो आणि काय घेत नाही, हे पाहिले की एरवी तासभर बोलून न समजणारी गोष्ट मुलांना पाच मिनिटांत समजते. तांबे सगळ्यांत वर, मग ॲल्युमिनियम, मग लोखंड, मग प्लॅस्टिक. इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी तर तो धावत येऊन घेतो. नवी बॅटरी घेताना जुनीचे पैसे दुकानदारही वजा करतो. कपाशीवर फवारणीच्या बॅटरी पंपात, शेताच्या झटका मशीनला अशाच बॅटऱ्या लागतात, त्यामुळे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या मुलाला हा व्यवहार आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. आता त्याच भंगारवाल्यापुढे जुना, फुगीर काचेचा मॉनिटर ठेवा. "काचीले कोन घेते, मास्तर?" असे म्हणून तो मागची तांब्याची गुंडाळी मागेल आणि काच तुमच्याजवळ ठेवेल.

ही काच समजून घेण्याजोगी आहे. या नळीत इलेक्ट्रॉनांना वीसेक हजार व्होल्टच्या विभवांतराने वेग देऊन पडद्यावर आपटतात. तिथे थोडे क्ष-किरण निर्माण होतात. ते पाहणाऱ्यापर्यंत पोचू नयेत म्हणून नळीच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत शिशाचे ऑक्साइड घालतात, साधारण वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके. म्हणजे ज्या शिशाने वापरणाऱ्याचे रक्षण केले तेच शिसे फोडणाऱ्याच्या अंगावर येते. एके काळी ही काच वितळवून नव्या नळ्या करत. सपाट पडदे आले, नळ्या बनणे थांबले, आणि त्या काचेचे गिऱ्हाईक नाहीसे झाले. सीएफएल दिव्यातल्या पाऱ्याचेही तेच. तो असतो काही मिलिग्रॅम, त्याला कोण भाव देणार? ज्याला भाव आहे ते आपोआप गोळा होते, ज्यात नुसते विष आहे ते मागे उरते. बाजाराचा हा नियम कोणत्याही घोषवाक्यापेक्षा अधिक शिकवतो.

कायद्याने यावर काय केले? देशात ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ चे, १ मे २०१२ पासून लागू झाले. मग २०१६ चे आले. आता १ एप्रिल २०२३ पासून २०२२ चे नियम लागू आहेत. वस्तू बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या उत्पादकानेच तिच्या शेवटाची जबाबदारी घ्यावी, हे या नियमांचे मुख्य तत्त्व आहे आणि ते उत्तम आहे. उत्पादकाला पुनर्चक्रीकरणाचे वाढते उद्दिष्ट दिले आहे, सुरुवातीला ६० टक्के, २०२७-२८ पासून ८० टक्के. ते पुरे केल्याची प्रमाणपत्रे तो नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडून विकत घेतो. मात्र ही प्रमाणपत्रे सोने, तांबे, ॲल्युमिनियम, लोखंड अशा धातूंच्या हिशोबाने बांधलेली आहेत. म्हणजे भंगारवाल्याची पसंती आणि सरकारी पद्धतीची पसंती फारशी वेगळी नाही.

आणखी एक बदल शिक्षकांनी लक्षात घ्यावा असा आहे. २०१६ च्या नियमांत सामान्य ग्राहकाची कर्तव्ये लिहिलेली होती, आणि 'मोठा ग्राहक' या व्याख्येत शैक्षणिक संस्थांचे नाव होते. त्यांनी आपल्या ई-कचऱ्याची नोंद ठेवायची होती. २०२२ च्या नियमांत कर्तव्ये मोठ्या ग्राहकापुरती उरली, आणि मोठा ग्राहक म्हणजे वर्षात केव्हाही किमान एक हजार उपकरणे वापरणारी संस्था. पंखे, नळ्या, घंटा, प्रयोगशाळेतले मीटर सगळे मोजले तरी तालुक्याच्या शाळेत हजार उपकरणे कुठून येणार? तेव्हा 'अधिकृत केंद्रात द्यावा' हे मुलाचे वाक्य आता त्याच्यावर किंवा त्याच्या शाळेवर कायद्याने घातलेले कर्तव्यही म्हणता येत नाही. पाठ शिकवताना हे लपवू नये, उलट इथूनच सुरुवात करावी. पकडणारे कुणी नाही, दंड नाही, नोंद नाही, मग तरीही आपण काही देणे लागतो काय? लागत असू तर कुणाचे? नीतीचा तास म्हणून यापेक्षा चांगला प्रश्न आम्हांला सुचत नाही, आणि नववी-दहावीची मुले त्यावर शिक्षकांना घाम फोडतील इतके बोलतात.

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक कपाट उघडावे लागेल. केंद्र सरकारने डिसेंबर २००४ मध्ये शाळांना संगणक पुरवण्याची 'आयसीटी ॲट स्कूल' ही योजना सुरू केली आणि २०१० मध्ये तिला नवे रूप दिले. महाराष्ट्रात ती 'बूट' तत्त्वावर राबवली गेली. बांधा, मालकी ठेवा, चालवा आणि हस्तांतरित करा. कंपनीने शाळेत संगणक कक्ष उभारायचा, पाच वर्षे चालवायचा, आणि मग तो शाळेच्या हवाली करायचा. राज्यातील हजारो माध्यमिक शाळांत असे कक्ष आले. ग्रामीण भागात त्या वर्षांत दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे, त्यामुळे यूपीएसच्या बॅटऱ्या संगणकांच्या आधी थकल्या. पाच वर्षे संपली, शिकवणाऱ्या निदेशकांची कंत्राटेही संपली, त्यांनी आंदोलने केली. आणि यंत्रे शाळेची झाली.

आता हा व्यवहार नीतीच्या चष्म्यातून पाहा. पाच वर्षे हे अशा संगणकाचे बहुतेक आयुष्य. वस्तू उपयोगाची होती तोवर मालकी दुसऱ्याची, आणि ती कचऱ्याच्या उंबरठ्यावर आली तेव्हा मालकी शाळेची. कागदावर शाळेला दहा-बारा संगणकांचे दान मिळाले, प्रत्यक्षात त्यांच्या शेवटाचा भार मिळाला. यात कुणी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. करार करणाऱ्यांनी 'हस्तांतर' हा शब्द लिहिताना त्यापुढच्या दहा वर्षांचा विचार केला नाही, इतकेच. उत्पादकाची जबाबदारी म्हणजे काय हे मुलांना शिकवायला याहून जवळचे उदाहरण आणखी कुठे मिळणार?

पुढे काय झाले ते प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत आहे. वस्तू डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढल्या. निर्लेखनाची मंजुरी मिळाल्याशिवाय त्या काढता येत नाहीत, तपासणीत त्या दिसल्या पाहिजेत, म्हणून त्या कपाटात किंवा जिन्याखाली राहतात. बाहेरच्या माणसाला हा आळस वाटतो. आमच्या मते त्या नोंदवहीने नकळत एक चांगले काम केले आहे: ती काच आजवर कुणी फोडलेली नाही. पण निर्लेखन झाले, की लिलावाची पद्धत 'जास्त बोली त्याचा माल' अशी आहे. सर्वांत जास्त बोली तोच लावू शकतो ज्याला काच फेकून द्यायला काही खर्च नाही. प्रामाणिक पुनर्चक्रकाची बोली नेहमी कमीच राहणार. लेखापरीक्षक जास्त रक्कम पाहून समाधानी होतील, आणि मॉनिटरच्या नळ्या गावाबाहेरच्या एखाद्या नाल्यात जातील. इथे नियम पाळणे आणि योग्य ते करणे यांच्या वाटा वेगळ्या होतात. अशी जागा मुलांना दाखवण्याचे धाडस पाठ्यपुस्तक करत नाही, करू शकणारही नाही. ते शिक्षकच करू शकतात.

दृक्श्राव्य साधन हवे म्हणून काही ठिकाणी अ‍ॅनी लिओनार्ड यांचा 'द स्टोरी ऑफ इलेक्ट्रॉनिक्स' हा २०१० सालचा छोटा चित्रपट दाखवतात. वस्तू टाकून देण्यासाठीच बनवल्या जातात, हा त्यातला मुद्दा फार नेमका आहे. पण तो अमेरिकन गिऱ्हाइकासाठी केलेला आहे. दुरुस्ती करणारा माणूस त्यात जवळजवळ नाहीच. आपल्याकडे स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीची दुकाने आहेत, टीव्हीचा मेकॅनिक आहे. पूर्वी मोबाइलची बॅटरी नखाने निघायची, आता ती आत डिंकाने चिकटवलेली असते. हे कुणी ठरवले, कुणाच्या सोयीसाठी? चित्रपटानंतर या दुकानदाराला वर्गात बोलावून हा प्रश्न विचारावा. तो चित्रपटापेक्षा चांगले सांगेल.

गणिताच्या शिक्षकांसाठीही इथे जागा आहे. एक टन जुन्या मोबाइलमध्ये साधारण ३०० ग्रॅम सोने निघते असे मानतात. खाणीतल्या खनिजात टनामागे ते काही ग्रॅमच असते. एक मोबाइल १०० ग्रॅमचा धरला, तर टनाला दहा हजार मोबाइल, म्हणजे एका मोबाइलमागे ३० मिलिग्रॅम. एक ग्रॅम सोन्यासाठी तेहेतीस-चौतीस मोबाइल, साधारण एका वर्गातल्या घरांचे. मग एकट्या भंगारवाल्याला एका मोबाइलमधून काय मिळणार? म्हणून माल गावातून शहरात, शहरातून मोठ्या व्यापाऱ्याकडे जातो आणि आम्लाच्या टाकीजवळ पोचेपर्यंत त्याचा मूळ मालक पुसला जातो. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे, हा संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालातला आकडा या हिशोबानंतर सांगावा. आधी सांगितला तर तो नुसता मोठा आकडा राहतो.

प्रात्यक्षिक म्हणून मुलांकडून काही उघडून घेऊ नये, एवढे बजावले पाहिजे. चित्रनळीत निर्वात असतो, ती फुटली तर काचा आत कोसळून बाहेर उडतात. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली तर पेट घेते. कपाट उघडायचे ते मोजण्यासाठी. डेडस्टॉक रजिस्टर शेजारी ठेवून मुलांनी यादी करावी: वस्तू, कंपनी, साल, कुणाकडून आली. ज्या संगणकावर कुठल्याच कंपनीचे नाव नाही, म्हणजे जो शहरातल्या दुकानात जुळवून घेतला होता, त्याला उत्पादकच सापडत नाही. नियम अशा वस्तूंना अनाथ म्हणतात. ज्यांना कंपनी आहे त्या कंपनीला मुलांनी पत्र लिहावे: तुमचे यंत्र आमच्याकडे आहे, ते कसे परत घ्याल? अनाथ वस्तूंसाठी आणि साध्या कचऱ्यात मिसळून येणाऱ्या ई-कचऱ्यासाठी नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांना जबाबदार धरले आहे, तेव्हा एक पत्र नगरपरिषदेला. नोंदणीकृत पुनर्चक्रक कोण आणि किती दूर, हे विचारणारे तिसरे पत्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावती कार्यालयाला. पत्ता लिहिताना 'चांदूर रेल्वे' स्पष्ट लिहावे, नाहीतर उत्तर चांदूर बाजारला जाऊन पडायचे.

उत्तरे येईपर्यंत मॉनिटर आहेत तसेच, न फोडता, ओल नसलेल्या जागी ठेवावेत. बाद झालेल्या ट्यूबलाइट त्यांच्याच पुठ्ठ्याच्या नळकांड्यांत उभ्या ठेवाव्यात. महिन्याभरात कुणाचेच उत्तर आले नाही तर मुलांकडून स्मरणपत्र लिहून घ्यावे. नववीच्या मराठीच्या तासाला औपचारिक पत्रलेखन असतेच.